ओमानला ड्रायव्हर म्हणून निघालात? आधी वावरात ट्रॅक्टर उजवीकडून हाका

दिग्रस, आर्णी, पुसदकडचे पोट्टे आखातात ड्रायव्हर म्हणून निघाले की बरेचदा माझ्याकडे येतात. मी मस्कतला आधी पाण्याचा टँकर आणि मग कंपनीची पिकअप चालवली, आता गावातच बोलेरो भाड्यानं देतो. सगळे एकच विचारतात, "काका, तिकडे उलट्या साईडनं चालवा लागते म्हणे, जमते का?" तिकडे गाड्या सडकेच्या उजव्या बाजूनं चालतात आणि स्टेअरिंग डावीकडे असतं. उलटी साईड जमते हो. आपली खरी अडचण ही की आपल्याला साईडच नसते.

पांदणीत ट्रॅक्टर असो की गावच्या एकपदरी सडकेवर मोटरसायकल, आपण चालतो मधातून. समोरून बंडी नाही तर एसटी आली की तेवढ्यापुरतं डाव्या साईडपट्टीवर उतरायचं, ती गेली की परत मधात. म्हणजे बाजू आपण धरत नाही, समोरचा धरायला लावतो. हीच सवय घेऊन ओमानच्या रिकाम्या सडकेवर गेलात तर गाडी मधात येणार, आणि अचानक समोर ट्रक दिसला की हात आपोआप डावीकडे वळणार. तिथं डावीकडूनच तो ट्रक येत असतो. म्हणून जायच्या आधीचं पहिलं काम इथंच करा. सडक कितीही रिकामी असो, डावी बाजू सोडायची नाही. पांढरकवड्याहून नागपूरकडे जाताना ४४ नंबरच्या हायवेवर लेनचे पट्टे आहेत, त्यांच्या आत राहून चालवा. इंडिकेटर दिल्याशिवाय लेन बदलू नका, मागंपुढं कुणी नसलं तरी. ज्याला एक बाजू धरता येते त्याला दुसरी धरायला वेळ लागत नाही.

दुसरं काम वावरातलं. डाव्या स्टेअरिंगची गाडी आपल्या इकडे शिकायला मिळत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम १२० अशी गाडी ठरावीक इशारा-यंत्र बसवल्याशिवाय सार्वजनिक जागी चालवू देत नाही. पण ट्रॅक्टरची सीट मधोमध असते, तिला डावं-उजवं नाही. पऱ्हाटी उपटून वावर मोकळं झालं की पऱ्हाट्यांच्याच दोन रांगा टाकून सडक आखा. मधात पाण्याचा रिकामा ड्रम ठेवून गोल चौक करा. सडकेच्या उजव्या बाजूनं ट्रॅक्टर चालवा. उजवीकडे वळताना कडेनं आखूड वळण घ्या. डावीकडे वळताना चौकात पुढं जाऊन लांब वळण घ्या, आणि वळून झाल्यावर पुन्हा उजव्या कडेला या. ड्रमला वळसा घालताना तो तुमच्या डाव्या हाताला राहिला पाहिजे. लोक हसतील, हसू द्या. मात्र हा सराव वावराच्या धुऱ्याआतच. सडकेवर एक मिनिटही नाही.

गियरचा सराव उभ्या गाडीत होतो. इंजिन बंद ठेवून मित्राला ड्रायव्हरच्या सीटवर क्लच दाबायला बसवा. तुम्ही डाव्या सीटवर बसा आणि उजव्या हातानं गियर टाका. गियरची जागा बदलत नाही, पहिला डावीकडे वरच असतो, पण अंगाच्या हिशेबानं सगळं फिरतं. इथं पहिला गियर आपल्यापासून दूर असतो, तिथं तो मांडीजवळ येतो. इथं पाचवा टाकायला दांडा स्वतःकडे ओढतो, तिथं तो लोटावा लागतो. धावत्या गाडीत स्वतःकडे ओढून वर टाकायला गेलात तर इंजिन बोंबलेल. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर जागच्या जागीच असतात, पायांना नवं काही नाही. इंडिकेटरचा दांडा तिकडे डाव्या हाताला येतो. आपल्या बहुतेक गाड्यांत तो उजवीकडे, त्यामुळं सुरुवातीला वळायच्या आधी वायपर चालू होतात. पावसाचा थेंब नसताना वायपर हलवणारा ड्रायव्हर नवा भारतीय, हे तिथले जुने ड्रायव्हर लांबूनच ओळखतात. आरसाही उजवीकडे वर जातो. गाडी हातात आली की चालू करण्याआधी पाच मिनिटं नुसतं बसा, बेल्ट लावा, आरसे लावा, वायपर-इंडिकेटर दोन्ही हलवून पाहा.

आता सडकेवर. एक खूण कुठल्याही देशात चालते, गाडी त्या देशासाठी बनलेली असली तर. रस्त्याची मधली रेघ नेहमी ड्रायव्हरच्या खांद्याकडे असते. इथं उजव्या खांद्याकडे, तिथं डाव्या. शंका आली की डावा खांदा बघा. त्याच्या पलीकडे मधली रेघ किंवा डिव्हायडर नसेल तर तुम्ही चुकीच्या बाजूला आहात.

बाजू बरोबर असली तरी गाडी उजवीकडे घसरते, आणि हे नव्या माणसाला कळत नाही. आयुष्यभर आपण लेनच्या उजव्या भागात बसलेलो असतो. अंग त्याच जागी न्यायला गेलं की गाडीची सगळी रुंदी उजवीकडे जाते आणि चाकं साईडपट्टीवर उतरतात, नाही तर उभ्या गाडीचा आरसा उडतो. कायम डावीकडे जुंपलेला बैल उजवीकडे जुंपला की जू तिरकं ओढतो, तसंच हे. इलाज असा: बॉनेटपुढं न बघता लांब बघा, आणि स्वतःला मुद्दाम मधल्या रेघेजवळ बसल्यासारखं वाटू द्या. पहिल्या दिवसांत शेजारी कुणी जुना माणूस बसत असेल तर त्याला एवढंच काम द्या, उजवी चाकं उजव्या कडेच्या रेघेला लागली की बोलायचं.

ओमानात गोल चौक फार. आतल्या गाडीचा हक्क पहिला, आणि ती तुमच्या डावीकडून येते. मान आधी डावीकडे गेली पाहिजे. पहिल्याच फाट्याला उजवीकडे निघायचं तर उजवी लेन, डावीकडे जायचं किंवा परत फिरायचं तर डावी लेन, आणि बाहेर पडताना उजवा इंडिकेटर. हायवेवर ओव्हरटेक डावीकडून, सावकाश गाड्या उजवीकडे, बाहेर पडायचे फाटेही उजवीकडे. पायी चालतानाही आधी डावीकडे बघा. गाडी हातात येण्याआधी काही दिवस बसनं फिरा, खिडकीतून चौकच बघत राहा.

लायसन्सचं थोडक्यात. नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याला रॉयल ओमान पोलिसांचं लायसन्स काढावं लागतं. त्यात ड्रमच्या मधून रिव्हर्स घ्यायची टेस्ट असते, आणि पोट्टे तिलाच घाबरतात. आपल्याकडे ड्रमची कमी नाही, अंगणात उभे करा आणि बोलेरो मागं घ्या. फरक एवढाच की तिकडे मान उजव्या खांद्यावरून मागं वळते. मुलाकडे अमेरिकेला किंवा जर्मनीला फिरायला जाणाऱ्यांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा, तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. जर्मनीत पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं लागतं, हे लक्षात ठेवून जा.

सगळ्यात जपायचा क्षण म्हणजे आडवं येणारं जनावर. आपल्या इकडे रात्री रोही (नीलगाय) आडवा आला की आपण गाडी डावीकडे काढतो, कारण उजवीकडून गाड्या येतात. तिकडे उंट येतो. हात जुन्या सवयीनं डावीकडे गेला तर तुम्ही समोरच्या गाडीखाली. म्हणून उंटासमोर स्टेअरिंग फिरवायचं नाही, सरळ रेषेत ब्रेक. उंटाचे पाय लांब, धडक बसली की त्याचं धड काचेवर येतं, तेव्हा रात्री वाळवंटातल्या सडकेवर वेग कमी ठेवणं हाच उपाय.

सुरुवातीचे दिवस मी धोक्याचे मानत नाही. तेव्हा माणूस जागा असतो. स्वीडननं ३ सप्टेंबर १९६७ ला अख्ख्या देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, तेव्हा आधी अपघात कमी झाले आणि लोक सरावल्यावर पुन्हा पूर्वीसारखे झाले. तुमचंही तसंच होईल. पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, पहाटे कॅम्पच्या फाटकातून रिकाम्या सडकेवर येताना, यू-टर्ननंतर, एकपदरी सडकेवर ओव्हरटेक करून झाल्यावर: या चार जागी तोंडानं "उजवी" म्हणा, मोठ्यानं. एकटे असलात तर लाज कशाची.

सुट्टीवर घरी येताना हे सगळं उलटं होतं आणि तेव्हा कुणी सांगायला नसतं. नागपूरला उतरल्यावर तुम्हाला घ्यायला आलेला भाऊ किंवा मेहुणाच गाडी चालवेल. "दे इकडे, मी तं तिकडे टँकर चालवतो," असं म्हणून चावी मागू नका. पहिले दोन-तीन दिवस मोटरसायकलही गावातल्या गावात. बाजाराच्या दिवशी दिग्रसला जायचं असेल तर एसटीनं जा.