पहाटेच्या पॅसेंजरने रायगड: वीरला उतरून एका दिवसात गड करून परत

रत्नागिरी, संगमेश्वर, चिपळूण, खेड या पट्ट्यातल्या माणसाला स्वतःची गाडी न काढता आणि मुक्काम न करता रायगड एका दिवसात करता येतो. रत्नागिरीहून पहाटे सुटणारी दिव्याची पॅसेंजर पकडायची, वीरला उतरायचं, महाडमार्गे पाचाड गाठायचं, पायऱ्यांनी गड चढायचा-उतरायचा आणि दिव्याहून येणाऱ्या संध्याकाळच्या पॅसेंजरने घरी. बेत सरळ आहे. तरी बऱ्याच जणांची शेवटी पळापळ होते, कारण दिवसाचा हिशेब सकाळपासून मांडलेला असतो. तो संध्याकाळच्या गाडीपासून उलटा मांडायचा.

उलटा हिशेब

समजा, त्या दिवशी परतीची गाडी वीरला सातला आहे. म्हणजे साडेसहाला स्टेशनात हवं. महाड ते वीर अंतर दहा-बारा किलोमीटरचंच, पण हायवेवर मिनीडोर (वाटणीने जाणारी मोठी रिक्षा) भरेपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळे अर्धा तास धरा. महाडला वाहन बदलायला आणखी अर्धा तास. पाचाड ते महाड साधारण पंचवीस किलोमीटर, वळणांचा रस्ता, त्याला पाऊण ते एक तास. एवढं वजा केलं की पायथ्याहून सव्वाचार-साडेचारला निघणं भाग आहे. उतरायला सव्वा ते दीड तास. म्हणजे माथ्यावरच्या होळीच्या माळावरून पावणेतीनला पाठ फिरवायची, मग काय पाहायचं राहिलं असेल ते राहू दे.

सकाळी वीरला पावणेनऊला उतरलात तर पायथ्याशी सव्वादहा, आणि दीड-पावणेदोन तास चढून बाराच्या आसपास माथ्यावर. वर हातात अडीच-पावणेतीन तास उरतात. पुरतात, पण सगळं पाहून होत नाही.

पॅसेंजरच्या वेळा बदलत असतात, म्हणून आदल्या रात्री रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर दोन्ही गाड्या पाहूनच घ्या. पावसाळी वेळापत्रकाचाही विसर पडू देऊ नका. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे, २०२५ साली १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. त्या काळात गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि सगळ्या वेळा सरकतात.

पॅसेंजर उशिरा का येते, हेही माहीत असलेलं बरं. रोहा ते वीर मार्ग २०२१ साली दुपदरी झाला. वीरच्या दक्षिणेला मात्र बहुतेक सगळा एकेरी आहे. समोरून एक्स्प्रेस आली की पॅसेंजर बाजूच्या लाइनीवर उभी. अशी दोन-तीन क्रॉसिंग लागली की अर्धा-पाऊण तास सहज जातो. सकाळी हा उशीर झाला तर तो वरच्या वेळेतून कापायचा, परतीच्या वेळेतून नाही.

गाडीत

रत्नागिरी स्टेशन शहरापासून लांब, कुवारबावला. पहाटे रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नका, रात्रीच सांगून ठेवा. चिपळूणचं स्टेशनही गावाबाहेर, वालोपेला. तिकीट अनारक्षित, खिडकीवर किंवा मोबाईलवर काढायचं. परतीचं तिकीट परततानाच वीरला.

जाताना उजव्या हाताची खिडकी धरा. सह्याद्रीची रांग त्या बाजूला आहे. या पट्ट्यात समुद्र दिसत नाही, त्यामुळे डावी बाजू पकडून काही साधत नाही. भोके सोडलं की करबुडे बोगदा, साडेसहा किलोमीटरचा, आणि बाहेर पडल्यावर उक्षी. पावसाळ्यात इथला धबधबा रुळांच्या अगदी जवळून दिसतो. पण डिसेंबर-जानेवारीत सूर्य उगवायलाच सात वाजतात, म्हणजे उक्षी, संगमेश्वर अंधारातच जातात. त्या दिवसांत संगमेश्वरपर्यंत खुशाल झोपा. चिपळूणजवळ वाशिष्ठीच्या पुलावर धुकं असतं तेव्हा जागे असलात की झालं. खेडनंतर दिवाणखवटीच्या पुढे सव्वाचार किलोमीटरहून लांब नातूवाडीचा बोगदा. रस्त्याने ज्या डोंगरासाठी पूर्वी कशेडी घाट चढावा लागे, त्याच्या पोटातून गाडी पलीकडे निघते आणि सावित्रीच्या खोऱ्यात उतरते. परतताना अंधार असतो, म्हणून जे पाहायचं ते सकाळीच.

वीर लहानसं स्टेशन आहे. नाश्त्याची भिस्त त्यावर ठेवू नका. डबा गाडीतच संपवा.

वीर ते पाचाड

चार-पाच जण असाल तर वीरपासून पायथ्यापर्यंत आणि परत, अशी एकच रिक्षा किंवा जीप ठरवा. एकेका बाजूला अर्धा-पाऊण तास वाचतो, आणि हा बेत त्या अर्ध्या तासावरच उभा आहे. भाडं निघण्याआधी ठरवा, थांबण्याचे पैसे धरून. चालकाला उतरायची वेळ नेमकी सांगा आणि त्याचा नंबर महाडातच घ्या, कारण पुढे रेंज भरवशाची नाही.

एकटे-दुकटे असाल तर वीरहून मिनीडोरने महाड आणि महाड स्टँडवरून रायगडची एसटी. या एसट्या मोजक्याच आहेत. उतरल्याबरोबर आधी चौकशी खिडकीवर परतीच्या फेऱ्या विचारा, चहा नंतर.

पाचाडला जिजाऊंची समाधी आहे. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, त्या इथेच गेल्या. वाहन तुमचं असेल तर उतरल्यावर दहा मिनिटं तिथे थांबा.

चढ

पायऱ्या चित् दरवाजापासून सुरू होतात. खूबलढा बुरूज तिथेच. एकूण सुमारे १४५० पायऱ्या. आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही, दमवते ती पायऱ्यांची असमानता. एक पायरी वीतभर, पुढची गुडघ्याला येणारी, तिसरी बाहेरच्या अंगाला झुकलेली. सारख्या उंचीच्या पायऱ्यांवर पायाला लय सापडते, इथे ती दर वळणावर मोडते. म्हणून मोठी पायरी एका ढांगेत घेऊ नका. कडेला अर्ध्या उंचीवर दगड असतो, त्यावर पाय ठेवून दोनदा चढा. पहिली वीस मिनिटं मुद्दाम सावकाश. तिथे जोर केलेला माणूस महादरवाजाच्या आधी बसतो.

महादरवाजा दोन बुरुजांच्या मध्ये असा दडवलेला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तो आला म्हणजे गड आला असं मात्र समजू नका, त्यानंतरही हत्ती तलावापर्यंत दमवणारा चढ आहे. दरवाजाच्या सावलीत दहा मिनिटं बसा.

पाणी माणशी तीन लिटर. वाटेवर ताक, लिंबू सरबत, काकडी मिळते आणि वर पिठलं-भाकरीही, पण आडदिवशी सगळीच दुकानं उघडी असतील असं नाही. डब्यात ओल्या नारळाची चटणी नेऊ नका. पहाटे चारला वाटलेली चटणी पाठीवरच्या उन्हात बाराला आंबते आणि सोबतचे घावणेही वाया जातात. लसणीची सुकी चटणी, दशम्या, गूळ-शेंगदाणे, एखादं लिंबू न्या. मीठ-साखरेची पुडी हवीच. घाम गाळून नुसतं पाणी पीत राहिलं की उतरताना पोटरीत गोळे येतात.

माथ्यावर

हत्ती तलाव, गंगासागर, पालखी दरवाजा, मग राजवाड्याचे चौथरे आणि राजसदर. नगारखान्यापाशी एकाने कागद फाडावा आणि दुसऱ्याने सिंहासनाच्या जागेपाशी उभं राहून ऐकावं. गलका नसेल तर आवाज स्वच्छ पोहोचतो. पुढे होळीचा माळ, बाजारपेठेच्या जोत्यांची दुहेरी रांग, जगदीश्वर आणि समाधी. जगदीश्वराच्या पायरीवर कोरलेलं ‘सेवेचे ठायी तत्पर’ शोधून वाचा. घाईत लोक त्यावर पाय देऊन जातात.

टकमक टोक आणि हिरकणी बुरूज दोन्ही या वेळेत बसत नाहीत. एकच निवडा, आणि ते टकमक असू द्या. वाऱ्याच्या दिवशी टोकाच्या कठड्याजवळ टोपी, छत्री उघडी ठेवू नका.

उतार

घसरून पडण्याचे प्रकार बहुतेक उतरतानाच होतात. पायऱ्यांचा मधला भाग लाखो पावलांनी गुळगुळीत झाला आहे. त्यावर सुकी माती असली तरी पाय सरकतो, शेवाळ असेल तर विचारायलाच नको. कडेच्या खरबरीत दगडावरून, पाऊल थोडं आडवं टाकत उतरा. तळवा झिजलेले स्पोर्ट शूज यासाठी सगळ्यात वाईट, त्यापेक्षा खाचांच्या रबरी तळव्याची साधी सँडल बरी. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी चढावं पायी आणि उतरावं हिरकणीवाडीच्या रोपवेने. उलट करण्यात अर्थ नाही, कारण गुडघा उतारावरच बोलतो. सुट्टीच्या दिवशी मात्र रोपवेची रांग आपल्या हिशेबात धरा.

कधी जाऊ नये

मार्च ते मे हा बेत नको. सकाळी सहाला चढणाऱ्याचा उन्हाळा वेगळा. या गाडीने चढ सव्वादहाला सुरू होतो आणि तापलेल्या दगडातून बारा वाजतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

मुसळधार पावसात तर मुळीच नको. पायऱ्यांची वाट हीच पाण्याचीही वाट आहे. जुलै २०२४ मध्ये ढगफुटीसारख्या पावसात पायऱ्यांवरून लोंढे आले, लोक अडकले आणि त्यानंतर गड काही काळ बंद ठेवावा लागला. पाण्याचा रंग गढूळ होऊ लागला की वर असाल तर वरच थांबा, दरवाजाच्या आडोशाला किंवा छपराखाली. लोंढ्यातून उतरायचा प्रयत्न करू नका.

६ जून, तिथीचा राज्याभिषेक दिन म्हणजे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शिवजयंती आणि चैत्र पौर्णिमेची पुण्यतिथी, या दिवशी गडाचा रस्ता वेळेत पार होणार नाही. २० मार्चला चवदार तळ्यासाठी महाड भरलेलं असतं. गणपती आणि शिमग्याच्या आठवड्यात संध्याकाळच्या पॅसेंजरमध्ये पाय ठेवायला जागा मिळत नाही.

मुंबईकडून येणाऱ्यांना ही गाडी उपयोगाची नाही. दिवा–सावंतवाडीने उतरून त्याच दिवशी सावंतवाडी–दिव्याने परतायचं म्हटलं तर गडासाठी वेळच उरत नाही. त्यांनी महाडपर्यंत एसटीने यावं.

आणि गाडी चुकलीच तर वीरला थांबून राहू नका. महाड स्टँडवर परत जा. मुंबईहून खेड, चिपळूण, रत्नागिरीकडे जाणाऱ्या एसट्या तिथून जातात, रात्रीच्याही. जागा मिळाली नाही तरी खेड-चिपळूणपर्यंत उभ्याने जाता येतं. वळणांवर वरची दांडी मात्र दोन्ही हातांनी धरा, दिवसभराच्या पायऱ्यांनंतर पाय साथ देत नाहीत.