बालवाटिकेचा निधी वाया का जातो: या चुका टाळा

शाळेला जोडलेल्या पूर्वप्राथमिक वर्गासाठी, म्हणजे बालवाटिकेसाठी, समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेत दर मुलामागे वर्षाला ५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे: शैक्षणिक साहित्य, देशी खेळणी आणि खेळातून शिकण्याचे उपक्रम यांसाठी. पटावर २२ मुलं असतील तर जास्तीत जास्त ११,००० रुपये. रक्कम लहान, म्हणून वर्षभर तिच्याकडे कोणी बघत नाही आणि मार्चमध्ये सगळी शाळा तिच्यामागे धावते. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ या धावपळीतच आहे.

आधी एक छोटी गोष्ट. वरच्या पहिल्या वाक्यातला ‘५०० रुपयांपर्यंत’मधला ‘पर्यंत’ नीट वाचा. ५०० ही कमाल मर्यादा आहे, हक्काची ठरावीक रक्कम नव्हे. मंजुरीच्या पत्रात आपल्या शाळेपुढे जो आकडा असेल तोच खरा. पट गुणिले ५०० करून दुकानदाराला ऑर्डर देऊन बसलेले मुख्याध्यापक दरवर्षी भेटतात.

पट चुकीचा भरणं

शाळेच्या आवारात भरणारी अंगणवाडी आणि शाळेचा स्वतःचा पूर्वप्राथमिक वर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची. ताईंचं मानधन आणि मुलांचा पोषण आहार तिकडून येतो. शाळांची माहिती भरण्याच्या यूडायस प्लस या सरकारी ऑनलाइन प्रणालीतही प्रश्न दोन आहेत: शाळेला पूर्वप्राथमिक वर्ग जोडलेला आहे का, आणि आवारात अंगणवाडी आहे का. घाईत दोन्हीकडे ‘होय’ भरलं जातं आणि तीच २२ मुलं दोन्हीकडे लागतात. मग ती पोषण आहारातही दोनदा दिसतात, कारण २०२१ पासून पीएम पोषण या शालेय माध्यान्ह भोजन योजनेत सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतली बालवाटिका आली आहे. पडताळणीत हे सापडलं की खुलासा शाळेला द्यावा लागतो.

उलट चूकही तितकीच होते. वर्ग प्रत्यक्षात चालतो, पण रकाना रिकामा राहतो. यूडायसची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर. त्या दिवशीची माहिती पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाला आधार होते, म्हणजे आज विसरलेल्या मुलाच्या खेळण्यांचे पैसे पुढच्या वर्षी येत नाहीत. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अंगणवाडी ताईंची हजेरी आणि शाळेची हजेरी शेजारी ठेवून नावानिशी ताळा घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे आणि ते केंद्रप्रमुखांवर सोडू नये.

मार्चची खरेदी

यावर थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण सर्वाधिक पैसे इथेच बुडतात.

२०२१ पासून पैसे शाळेच्या खात्यात पडून राहत नाहीत. राज्याचं एकच मुख्य खातं असतं, शाळेचं खातं झिरो बॅलन्सचं, आणि पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन देयक प्रणालीवर शाळेला फक्त खर्चाची मर्यादा दिसते. न वापरलेली मर्यादा काढून घेतली जाते. ‘पैसे आलेत, काढून ठेवू, सावकाश बघू’ ही जुनी सवय इथे चालत नाही.

एका दोनशिक्षकी शाळेत मर्यादा डिसेंबरमध्येच आली होती. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव झाला २० मार्चला, ऑर्डर गेली २४ला, साहित्य आलं २६ला. २७ला विक्रेत्याची पीएफएमएसवर नोंदणी सुरू केली, तेव्हा खातं पडताळणीत नाकारलं गेलं. विक्रेत्याची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती आणि बिलावर अजून जुनाच आयएफएससी कोड छापलेला होता. नवा कोड मिळवून पुन्हा नोंदणी करेपर्यंत ३१ तारीख उलटली आणि मर्यादा शून्य झाली. साहित्य वर्गात, पावती फाइलमध्ये, पैसे नाहीत. पुढचे आठ महिने दुकानदाराचे फोन येत राहिले आणि शेवटी मुख्याध्यापकांनी खिशातून भरले. यात कोणीही अप्रामाणिक नव्हतं. फक्त उशीर झाला होता.

उपाय म्हणून सांगतो ते कुठल्या परिपत्रकात नाही, अनुभवाने ठरलेलं आहे. मर्यादा दिसली त्याच आठवड्यात ठराव घ्या. विक्रेत्याकडून बिलाआधी रद्द केलेला धनादेश मागा आणि त्यावरचं नाव व कोड जुळवून नोंदणी करा. मग पहिलं बिल मुद्दाम लहान ठेवा: माती, जाड खडू, कागद. ते पैसे दुकानदाराच्या खात्यात पोचले की वाट मोकळी आहे हे कळतं. उरलेली खरेदी जानेवारीअखेर संपवा आणि फेब्रुवारी नाकारलेल्या बिलांसाठी मोकळा ठेवा.

याच घाईतून आणखी एक वाईट प्रथा आली आहे: पीएफएमएसवर बिल भरणारा मेकर आणि ते तपासून मंजूर करणारा चेकर, दोघांचे पासवर्ड एकाच वहीत लिहिलेले, आणि दोन्ही लॉगिन एकच माणूस वापरतो. यातून वाचतात पाच मिनिटं. पण चुकीचा खाते क्रमांक पकडणारा दुसरा डोळाच त्यामुळे बंद होतो. चेकरने बिल हातात घेऊन आकडे वाचावेत, मगच मंजुरी द्यावी.

कपाटात बंद खेळणी

साहित्य वेळेवर आलं तरी वर्गात जमिनीवर बघा. मुलं नुसती बसलेली, आणि ठोकळ्यांची पेटी प्लास्टिकच्या वेष्टनासकट कपाटात. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘डेडस्टॉकला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढवलंय, हरवलं तर भरून कोण देणार?’

ही भीती चुकीच्या नोंदीतून आलेली असते. माती, खडू, रंग, कागद, दोरा या उपभोग्य, म्हणजे वापरून संपणाऱ्या, वस्तू आहेत. त्या उपभोग्य साठा नोंदवहीत घ्या आणि दिल्याची तारीख घालून कमी करत जा. डेडस्टॉकला फक्त टिकाऊ वस्तू: लाकडी ठोकळे, घसरगुंडी, फळा. त्यातलं मोडलं तर समितीपुढे ठेवून ठराव करा आणि रीतसर निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव पाठवा. चार वर्षांच्या मुलांच्या हातात ठोकळे मोडणारच. वर्षभरात एकही मोडला नसेल तर ते वापरलेच गेले नाहीत.

खरेदी करताना खेळण्यावर आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून ते बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे, त्यामुळे लाकडी खेळणी त्यांच्याकडून घेता येतात. पाण्याच्या बाटलीच्या झाकणापेक्षा लहान मणी घेऊ नका, मुलं ते नाकात घालतात. आणि २२ मुलांत एकच मोठं चकचकीत खेळणं घेण्यापेक्षा चार-पाच मुलांच्या एका गटाला पुरेल असा ठोकळ्यांचा एकेक संच घ्या, म्हणजे कोणालाही पाळीची वाट बघत बसावं लागत नाही.

बाकीचं थोडक्यात. संयुक्त शाळा अनुदानातून (शाळेच्या वार्षिक किरकोळ खर्चाच्या अनुदानातून) घेतलेली वस्तू पुन्हा बालवाटिकेच्या खर्चात दाखवू नका; त्या अनुदानातले किमान १० टक्के स्वच्छतेवर जायला हवेत हेही लक्षात ठेवा. अंगणवाडीला पूर्वशालेय शिक्षणाचा वेगळा संच मिळतो, तो बघितल्याशिवाय तेच साहित्य दुसऱ्यांदा घेऊ नका. कच्चं बिल घेऊ नका. ठरावाची तारीख ऑर्डरच्या आधीची हवी. निधी ठरल्या कामासाठीच खर्च झाला असं सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रावर सही करण्याआधी रोकडवही आणि पीएफएमएसचा अहवाल समोरासमोर ठेवा. एका रुपयाचाही फरक असेल तर आधी तो शोधा, सही नंतर.