तीन मापं मिळाली की त्रिकोण ठरला? या चुका टाळा

त्रिकोणाला तीन बाजू आणि तीन कोन, म्हणजे सहा मापं. त्यांतली कोणतीही तीन मिळाली की त्रिकोण पक्का, असं बरेच विद्यार्थी धरून चालतात. पण कोणती तीन आणि ती आकृतीत कुठे बसतात, हे पाहिल्याशिवाय काहीच ठरत नाही.

सर्वांत जास्त फसगत होते ती दोन बाजू आणि एक कोन दिलेला असताना. कोन त्या दोन बाजूंनी समाविष्ट, म्हणजे त्यांच्या मधला असेल तर बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटी लागते, त्रिकोण एकच. तो समाविष्ट नसेल तर मात्र थांबा आणि कागदावर काढून बघा. कोन अ ३०° चा काढा. त्याच्या एका भुजेवर अब = ८ सेमी घ्या. बक = ५ सेमी हवी आहे, म्हणून ब वर कंपासचं टोक ठेवून ५ सेमी त्रिज्येचा कंस मारा. तो दुसऱ्या भुजेला दोन ठिकाणी छेदतो: अ पासून सुमारे ३.९ सेमीवर आणि ९.९ सेमीवर. दोन्ही त्रिकोणांत दिलेली मापं तंतोतंत बसतात, तरी ते एकरूप (एकावर एक तंतोतंत बसणारे) नाहीत. घाईत कंस आखूड मारला की एकच छेदनबिंदू दिसतो आणि दुसरं उत्तर हातचं जातं.

असं का होतं, ते लंबावरून कळतं. ब पासून दुसऱ्या भुजेवर टाकलेला लंब ४ सेमी येतो. बक ३ सेमी असेल तर कंस तिथवर पोचतच नाही. बरोबर ४ असेल तर नुसता टेकतो आणि एक काटकोन त्रिकोण मिळतो. ४ आणि ८ च्या दरम्यान दोन त्रिकोण, ८ किंवा जास्त असेल तर पुन्हा एकच. दिलेला कोन काटकोन किंवा विशालकोन असेल तर दोन उत्तरं कधीच येत नाहीत. कर्णभुजा कसोटी (काटकोन त्रिकोणाचा कर्ण आणि एक भुजा दिली की त्रिकोण एकच) चालते ती यामुळेच. तिला वेगळा अपवाद म्हणून पाठ करायची गरज नाही.

हेच उदाहरण साइनच्या नियमाने (प्रत्येक बाजू भागिले तिच्यासमोरच्या कोनाची साइन, हे गुणोत्तर सारखंच) सोडवलं तर साइन क = ०.८ येतं. कॅल्क्युलेटर फक्त ५३.१३° दाखवतो. १८०° मधून तो वजा करून मिळणारा १२६.८७° तुम्हालाच तपासावा लागतो. त्यात ३०° मिळवले तरी बेरीज १८०° च्या आतच राहते, म्हणजे तोही कोन चालतो.

तीन बाजू दिल्या असतानाही कंस दोन ठिकाणी छेदतात, पायाच्या वर आणि खाली. ते पाहून ‘दोन त्रिकोण’ लिहू नका. ती एकमेकांची आरशातली प्रतिमा आहे, त्रिकोण एकरूपच. इथली खरी चूक वेगळी: ३, ५ आणि ८ सेमी घेऊन रचना करायला बसणं. दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी नसेल तर त्रिकोणच होत नाही.

दोन कोन आणि एक बाजू असेल तर ती बाजू कोणती, हे विचारा. ४०°, ६०° आणि ७ सेमी एवढ्यावर तीन वेगळे त्रिकोण निघतात, कारण ७ सेमीची बाजू ४०° समोर, ६०° समोर किंवा उरलेल्या ८०° समोर असू शकते.

फक्त तीन कोन दिले तर समरूप (आकार तोच, पण लहान-मोठे) त्रिकोण हवे तेवढे काढता येतात, हे बहुतेकांना माहीत असतं. त्यापुढची गोष्ट मात्र फार सुंदर आहे आणि सहसा कुणी दाखवत नाही. ८, १२, १८ आणि १२, १८, २७ बाजूंचे दोन त्रिकोण घ्या. बाजूंचं गुणोत्तर सारखं, म्हणून तिन्ही कोन समान. शिवाय १२ आणि १८ या बाजू दोघांत आहेत. सहापैकी पाच मापं जुळली, तरी त्रिकोण एकरूप नाहीत! पहिल्यात १८ ही सर्वांत मोठ्या कोनासमोर आहे, दुसऱ्यात मधल्या. आकृतीत प्रत्येक बाजू आणि तिच्यासमोरचा कोन यांना सारखी खूण केली की ही गफलत लगेच दिसते.