कच्च्या रस्त्यावर कॅराव्हॅन ओढताय? दगडांच्या बाबतीत या चुका टाळा

कोल्हापुरातून दाजीपूर, गगनबावडा किंवा आंबा घाटाच्या बाजूला कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, न्यायची म्हटलं, की कुठेतरी मुरूम आणि सुटी खडी लागतेच. निघताना चाकं, ब्रेक, बेअरिंग सगळे तपासतात. दगडांचा विचार मात्र पुढच्या पत्र्याचा पहिला टवका उडाल्यावर सुरू होतो. मग घाईत जो उपाय केला जातो, त्यानेच मोठं नुकसान होतं.

तो उपाय म्हणजे कॅराव्हॅनच्या तोंडावर सपाट पत्रा किंवा प्लायवूड ठोकणं. दगड उडवतात ती ओढणाऱ्या गाडीची मागची चाकं. उडालेला दगड त्या उभ्या, कडक पत्र्यावर आपटून उलटा फिरतो आणि गाडीच्या मागच्या काचेवर बसतो. ही काच टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली असते. पुढच्या काचेसारखा तिला नुसता तडा जात नाही, क्षणात चुरा होतो. कुणीतरी दगड मारला असंच वाटतं. अशा वेळी भांडायला उतरण्याआधी कॅराव्हॅनचा पुढचा भाग नीट बघा, ताजा टवका बहुतेक तिथेच सापडेल.

म्हणून दगड चाकाजवळच अडवायचा. गाडीच्या मागच्या बंपरखालून कॅराव्हॅनच्या ओढायच्या दांड्यापर्यंत जाळी बांधली, की उडालेला दगड तिला खालून आपटून पुन्हा रस्त्यावर पडतो. नर्सरीतलं शेडनेट इथे टिकत नाही आणि ताडपत्रीत वारा भरतो. पीव्हीसीचा लेप असलेली जाड विणीची जाळीच घ्या. तिची चौकट कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून मिळेल, पण मापं तोंडी सांगू नका. गाडी आणि कॅराव्हॅन जोडूनच तिथे न्या.

जाळी तबल्याच्या पुडीसारखी ताणून बांधणं ही पुढची चूक. घाटातल्या वळणावर एका बाजूचं अंतर वाढतं, दुसऱ्या बाजूचं कमी होतं आणि ताणलेल्या जाळीचे हूक उपटतात. कडेला रबरी लवचीक दोऱ्या लावा. मोकळ्या मैदानात स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. सायलेन्सरच्या तोंडापासून जाळी लांब ठेवा, नाहीतर वितळेल. मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकली जाता कामा नये.

मडफ्लॅपचं, म्हणजे चाकामागे लोंबणाऱ्या रबरी पट्ट्याचं माप रिकाम्या गाडीवर घेऊ नका. कॅराव्हॅन जोडली की तिचा भार गाडीच्या मागच्या ओढायच्या हूकवर येतो, गाडी मागून दबते आणि बरोबर वाटलेला फ्लॅप जमिनीला घासायला लागतो. फ्लॅप पातळ असेल तर वाऱ्याने मागे उचलला जातो आणि असून नसल्यासारखा होतो. जुन्या कन्व्हेयर बेल्टचा जाड रबर यासाठी फार चांगला.

कॅराव्हॅनच्या पोटाखाली सहसा कुणी वाकून बघत नाही. पाण्याच्या टाकीचा निचऱ्याचा नळ, ब्रेकच्या वायरी, गॅसची नळी हे सगळं तिथे उघडं असतं, आणि कॅराव्हॅनची स्वतःची चाकंही दगड उडवतातच. वायरींवर उभा चिरलेला रबरी पाइप चढवा, नळापुढे छोटी पट्टी लावा. फोम मात्र गुंडाळू नका, त्यात चिखल धरतो आणि आतून गंज चढतो. दगड येतात म्हणून कॅराव्हॅनच्या तळातली हवेची भोकं तर कधीही बुजवू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो त्याच भोकांतून बाहेर जातो. इथे जिवाचा प्रश्न आहे.

एवढं सगळं करून खडीवर वेग साठचाच ठेवला, तर फारसा उपयोग नाही. आदळण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० वरून ४० वर आलात की तो निम्म्याहूनही कमी होतो. लांब पट्टा असेल तर टायरमधली हवा साधारण पाचव्या हिश्शाने उतरवा. टायर मऊ झाला की दगड कमी उडवतो, पंक्चरही कमी होतात. पण मग गाडी हळूच चालवायची आणि डांबरी लागताच हवा भरायची, म्हणून पंप सोबत हवाच.

उसाच्या हंगामात समोरून ट्रॅक्टर-ट्रॉल्या येतात, एसटी येते. अशा वेळी वेग कमी करून बाजूला थांबणं केव्हाही परवडतं. पुढच्या गाडीच्या धुळीत शिरून चालवू नका, तिची खडी थेट तुमच्या काचेवर येते.

घरी आल्यावर पुढचा भाग धुऊन प्रत्येक टवका तपासा. फायबरला केसाएवढी चीर गेली असली तरी लगेच बुजवून घ्या. गगनबावड्याच्या पावसात तिथूनच पाणी आत शिरतं, आणि आतलं लाकूड कुजलेलं कळतं तोवर भिंत उघडायची वेळ आलेली असते.