मशीनमधलं हॉट चॉकलेट नेमकं कुठे बिघडतं? या चुका टाळा

मशीन घेतलं की हॉट चॉकलेट आपोआप जमतं, असा एक गोड गैरसमज आहे. दूध गरम करणारं हे मशीन दोनच कामं करतं: तापवतं आणि ढवळतं. कोको भिजवणं, काय आधी घालायचं नि काय नंतर, हे सगळं आपल्याच गळ्यात राहतं. "मशीन बिघडलंय बहुतेक" म्हणून मला विचारायला येणाऱ्यांचं मशीन बहुतेक वेळा ठणठणीत असतं.

कोरडी पावडर थेट दुधात

माझी सगळ्यात नावडती चूक. फ्रिजमधलं दूध ओतायचं, वर दोन चमचे कोको टाकायचा, झाकण लावून बटण दाबायचं. मग वर तपकिरी गुठळ्या तरंगतात, तळाशी चिखल बसतो आणि मधलं दूध पांढुरकंच राहतं.

कोको साखरेसारखा विरघळत नाही. त्याचे कण दुधात फक्त पसरतात, आणि तेही सहजासहजी नाही, कारण साध्या कोको पावडरीतही साधारण 10 ते 12 टक्के कोको बटर असतं. ढिगाची बाहेरची बाजू ओली होते, आतली पावडर कोरडीच अडकते. झाली गुठळी. मशीनच्या जगमधली, म्हणजे दूध ओतायच्या भांड्यातली, ती इवलीशी फिरकी दूध फिरवते, फेस काढते. गुठळी फोडण्याइतका जोर तिच्यात नसतो.

माझी पद्धत अशी. 200 मिली दुधाला दोन छोटे चमचे कोको, शीग लावून. तेवढीच साखर आणि चिमूटभर मीठ. हे सगळं कपात कोरडंच एकत्र करायचं. साखरेचे दाणे मध्ये आले की कोकोचे कण एकमेकांना चिकटत नाहीत. मग दोन चमचे कडकडीत पाणी घालून चमच्याच्या पाठीने कपाच्या कडेला घोटायचं. सुरुवातीला हा गोळा कोरडा, रवाळ दिसतो आणि इथेच नवशिके घाबरून आणखी पाणी ओततात. ओतू नका. घोटत राहा. अचानक त्याला चकाकी येते आणि चमचा उचलला की जाडसर, सलग धार पडते. तोवर मशीनमधलं दूध कोमट झालेलं असतं. फिरत्या दुधात हे घोटलेलं मिश्रण सोडायचं. दोन चमचे पाण्याने चव पातळ होत नाही.

"एवढं कोण करत बसणार?" असं विचारणारे भेटतात. एका मिनिटाचं काम आहे. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग; दुसरं काय म्हणायचं?

रिकाम्या जगमध्ये चॉकलेटच्या वड्या

आमच्या भाच्याने नवं मशीन आणलं. कोको त्याला "गरिबांचा" वाटला, म्हणून थेट चॉकलेटच्या वड्या तोडून रिकाम्या जगमध्ये टाकल्या आणि वरून गार दूध ओतलं. वड्या तळाला बसल्या, फिरकी अडकली, तळ मात्र तापत राहिला. चॉकलेट करपलं, मशीन आपणहून बंद पडलं, लाल दिवा लुकलुकू लागला. साहेबांनी काय करावं? पुन्हा बटण दाबलं. मग परत एकदा. शेवटी जळकट वासाने आई धावत आली, तेव्हा हा तारेची घासणी घेऊन तळ खरवडत होता. जग माझ्याकडे आला तोवर आतला काळा नॉनस्टिक लेप उडून खालचा धातू दिसत होता. आता त्यात साधं दूधही बुडाला लागतं.

करपलेला जग वाचतो, पण घाई न करता. पूर्ण गार होऊ द्या. आत कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब आणि चमचाभर खायचा सोडा घालून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ स्पंजने पुसा. नाही निघालं तर पुन्हा भिजवा. खालच्या विजेच्या भागाला पाणी लागू देऊ नका. लाल दिवा बहुधा जग फार तापल्याचं सांगत असतो. आतून गार पाण्याने विसळून थोडा वेळ थांबलं की तो सहसा जातो.

चॉकलेटच हवं असेल तर किसून, फिरत्या गरम दुधात चिमटीचिमटीने सोडा. ते 35 अंशांच्या आसपासच वितळतं, त्याला आगीत लोटायची गरज नाही.

"हे गरमच होत नाही"

होतं, पण उकळत नाही. बरीचशी मशीनं दूध 60 ते 65 अंशांवर आणून थांबतात आणि ते बरंच आहे; त्यापुढे दुधाला उकळीचा वास लागतो, वर साय धरते. म्हणून तेच दूध दुसऱ्यांदा फिरवू नका, बुडाला लागतं. कपात आधी गरम पाणी भरून ठेवा, ओतायच्या वेळी फेका. गार कप बरीच ऊब खातो आणि बोलणी मशीनला बसतात.

याच कारणाने मशीनमध्ये कॉर्नफ्लॉर घालण्यात अर्थ नाही. कॉर्नफ्लॉर नीट शिजून दाटपणा यायला याहून बरीच जास्त उष्णता लागते; मशीन त्याआधीच थांबतं आणि जिभेवर खडूची चव राहते. दाट हवं तर कोको घोटतानाच चमचाभर दूध पावडर घाला.

बाकी किरकोळ. जगच्या आत दूध भरायची फेसाची खूण आणि नुसतं तापवायची खूण वेगळी असते. वरच्या खुणेपर्यंत भरून फेसाची फिरकी लावली की ओटा पुसायची तयारी ठेवा. सोया दूध आंबटसर कोकोबरोबर फाटू शकतं, तिथे अल्कलीने प्रक्रिया केलेला, गडद कोको वापरा. आणि फिरकी लगेच धुवा, दूध वाळलं की तिच्या तारेत अडकून बसतं.

स्वस्तात भागवायचं असेल तर ड्रिंकिंग चॉकलेटच्या डब्यामागची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात आणि पहिलं नाव बऱ्याचदा साखरेचं असतं. साखर घरात आहेच, तिच्यासाठी चॉकलेटचे पैसे कशाला? बिनसाखरेचा कोको आणा, साखर-मीठ मिसळून बरणीत भरून ठेवा. फक्त त्या बरणीत ओला चमचा घालणाऱ्याला स्वयंपाकघराबाहेर ठेवा.