जुनं घड्याळ बघायला जाताय? झाकण उघडायची तयारी ठेवा

मागचं झाकण उघडून मशीन बघायचं. यादी इथूनच सुरू करतोय, कारण मागच्या खेपेला डायल, काच, पट्टा, डबा, कार्ड सगळं बघून मी नेमकं हेच राहू दिलं होतं, आणि आत भलतंच मशीन निघालं.

आता क्रमाने. आदल्या दिवशी विकणाऱ्याकडून मॉडेलचा पूर्ण नंबर मागवा. ‘रोलेक्स सबमरिनर आहे, ओरिजिनल आहे’ एवढ्यावर घराबाहेर पडू नका. त्या मॉडेलमध्ये कोणतं कॅलिबर (म्हणजे मशिनचा प्रकार) बसतं ते शोधून त्याचे मोठे, स्वच्छ फोटो मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. झाकण उघडल्यावर ताडून बघायला हाताशी काही नसेल तर उघडून उपयोग शून्य. सीको असेल तर काम सोपं आहे. झाकणावर 7एस26-0020 असा कोड असतो, त्यातला पहिला भाग कॅलिबरचा आणि दुसरा केसचा, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाचा. सिरियल नंबरातला पहिला आकडा म्हणजे सालातला शेवटचा अंक, दुसरा म्हणजे महिना (ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला इंग्रजी ओ, एन, डी). दशक मात्र त्यातून कळत नाही, ते कॅलिबर कधी बनत होतं यावरून काढावं लागतं.

फोनवरच विचारून टाका, झाकण उघडू देणार ना? ‘वॉटरप्रूफिंग जाईल’ हे ठरलेलं उत्तर येईल. नव्या गॅस्केटचा (झाकणाखालची रबरी कडी) आणि पाणी आत शिरत नाही ना हे बघणाऱ्या प्रेशर टेस्टचा खर्च मी देतो म्हणा. तरीही नाही म्हणाला तर जाऊच नका. भेट एखाद्या घड्याळजीच्या दुकानातच ठरवा, कारण झाकण त्यानेच उघडायचं आहे. सुरीने उचकटायला गेलात तर झाकणावर चरे पडतील आणि मग घड्याळ नकली असलं तरी तुमच्याच गळ्यात.

सोबत दहापट भिंग, चार्ज केलेला मोबाइल, मऊ फडकं. बस.

डायल भिंगाखाली बघा. अक्षरांच्या कडा फुटलेल्या, छपाई पसरलेली, तारीख खिडकीत एका बाजूला सरकलेली, हे दिसतंच. चकतात माणसं ती चमकणाऱ्या ठिपक्यांवर. तळाशी ‘स्विस’ शब्दाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी टी असेल तर ठिपक्यांत ट्रिशियम हा किरणोत्सारी पदार्थ आहे, आणि ट्रिशियमची ताकद सुमारे 12.3 वर्षांत निम्मी होते. म्हणजे 1970 सालचं म्हणून दाखवलेलं असं डायल अंधारात बराच वेळ लख्ख चमकत राहिलं, तर एक तर रंग नव्याने भरलाय किंवा डायलच नवं आहे. काट्यांचा आणि ठिपक्यांचा रंग वेगळा असेल तर घड्याळ लगेच नकली ठरत नाही, सर्व्हिसमध्ये काटे बदलले जातात. किंमत मात्र उतरली पाहिजे.

सेकंदकाटा टिकटिक करत सरकला की नकली, ही समजूत सोडा. रोलेक्सनेही 1977 पासून बरीच वर्षं ऑयस्टरक्वार्ट्झ ही बॅटरीवरची, टिकटिक करत सरकणारी घड्याळं विकली. उलट काटा गुळगुळीत फिरतो म्हणून अस्सल हेही खोटं. आज साधी नक्कलही तशी फिरते. त्यापेक्षा स्लो मोशन व्हिडिओ घ्या आणि एका सेकंदात काटा किती वेळा उडी मारतो ते मोजा. तासाला 28,800 ठोक्यांच्या मशीनमध्ये 8, 21,600 मध्ये 6, ओमेगाच्या बऱ्याच को-अ‍ॅक्सियल मशिनांत 25,200, म्हणजे 7. आकडा जुळला नाही तर विषय संपला. जुळला तरी संपत नाही. झाकण उघडा.

चावी फिरवून बघा. सीकोचं 7एस26 हाताने चावी देऊन भरत नाही आणि चावी ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही. थांबला तर आत दुसरंच मशीन आहे. क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं घड्याळ) असेल तर दोन्ही बटणं दाबून बघा, शिवाय सतत पळणारा सेकंद कोणत्या छोट्या डायलमध्ये आहे तेही. रोलेक्सच्या डेटोनात 2000 सालापासून तो 6 वर असतो. त्याआधीच्या, झेनिथ कंपनीच्या मशिनवर आधारित मशिनात 9 वर.

आता तेच. झाकण. नुसतं उघडून ‘हां, मशीन आहे’ म्हणून बंद करायचं नाही. रोटर (हाताच्या हालचालीने फिरून घड्याळाला चावी देणारी अर्धगोल चकती) बोटाने हळूच बाजूला फिरवायला सांगा आणि बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलत वेळ राखणारं चाक, बघा. रोलेक्सच्या 3135 या मशिनात त्या चाकावरून जाणारी पट्टी दोन्ही टोकांना स्क्रूने धरलेली असते, आणि वेग जुळवायला चाकाच्या आतल्या कडेवर बारीक नट असतात. ईटीए 2824 या स्विस मशिनात आणि त्याच्या स्वस्त नकलांत पट्टी एकाच बाजूने धरलेली असते, आणि वेग कमीजास्त करायची खूण व दांडी तिथेच दिसते. रोटरवर नाव कितीही झोकात कोरलेलं असो, नकलेवर सगळ्यात आधी नावच कोरतात. महागड्या नकला ही दुहेरी पट्टीसुद्धा उतरवतात, तेव्हा स्क्रूंची डोकी, कडांचं पॉलिश आणि कोरीव अक्षरांची खोली फोटोशी ताडा. शंका उरली तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवून मगच पैसे. जुन्या ओमेगात तर सिरियल नंबर मशिनवरच असतो, झाकण न उघडता तो वाचणार कुठून?

कागद शेवटी. डबे आणि कार्डं वेगळी विकत मिळतात, म्हणून नंबर जुळला तरच त्यांना किंमत. 2008 नंतरच्या रोलेक्समध्ये नंबर काचेच्या आतल्या कड्यावर 6 जवळ दिसतो. जुन्यांत त्याच बाजूला, पट्टा काढल्यावर.

व्यवहार ठरला तर पावती, तिच्यावर सिरियल नंबर, विकणाऱ्याची सही. मशिनचा फोटो झाकण लावायच्या आधी काढा. गॅस्केट नवं घाला. प्रेशर टेस्ट होईपर्यंत पाण्यात नको. पट्ट्याच्या कड्या कमीजास्त करणं घरी गेल्यावर.