जॉर्जटाउनमध्ये स्वस्तात राहायचं आणि रस्त्यावर पोटभर खायचं, ते कसं?

पिनांगला निघालेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये खायच्या जागांची लांबलचक यादी असतेच. यादीत चूक काही नसते. फक्त तुम्ही तिथे पोचता तेव्हा निम्मे गाडे आवरलेले असतात, कारण यादीत पत्ता असतो, वेळ नसते. जॉर्जटाउनमध्ये सकाळचे गाडेवाले वेगळे, दुपारचे वेगळे आणि संध्याकाळी त्याच फुटपाथवर तिसरेच कुणी. कुणाची सुट्टी सोमवारी, कुणाची गुरुवारी. माल संपला की दुकान बंद, मग घड्याळात अकरा का वाजलेले असेनात. म्हणून इथल्या कमी खर्चाच्या सहलीचा सगळा बेत वेळेवर आखायचा. खोली कुठे घ्यायची तेही तुम्ही कधी आणि काय खाणार यावरच ठरवायचं.

पिनांग हे मलेशियाच्या पश्चिम किनाऱ्यालगतचं बेट, आणि जॉर्जटाउन त्यावरचं मुख्य शहर. १७८६ मध्ये ब्रिटिशांनी इथे ठाणं मांडलं आणि चिनी, मलाय, तमिळ अशी सगळी माणसं पोटापाण्यासाठी येऊन राहिली. २००८ मध्ये मलाका या दुसऱ्या जुन्या शहरासोबत जॉर्जटाउनला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. जुन्या शहराचा गाभा पायी फिरण्याइतका आटोपशीर आहे आणि खर्च वाचतो तो मुख्यतः यामुळेच.

पायरी १ : पोचणं

भारतीय पासपोर्टवर मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येतं. डिसेंबर २०२३ पासून ही सवलत आहे आणि ती २०२६ च्या अखेरपर्यंत वाढवलेली आहे. तरी तिकीट काढण्याआधी ताजा नियम बघून घ्या. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. सरकारी संकेतस्थळावर ते फुकट आहे. पैसे मागणारी पानं दिसली की मागे फिरा.

क्वालालंपूरहून येत असाल तर के.एल. सेंट्रलहून बेटासमोरच्या मुख्य भूमीवरच्या बटरवर्थला जाणारी ईटीएस रेल्वे घ्या. चार-साडेचार तास लागतात. स्टेशनला लागूनच फेरीचा धक्का आहे. फेरीचं तिकीट किरकोळ, आणि पलीकडे उतरलात की जुनं शहर समोरच. विमानाने आलात तर विमानतळावरून कोमतार या उंच गोल इमारतीपर्यंत रॅपिड पिनांगची बस मिळते. रोख पैसे देणार असाल तर नेमके सुटे हातात ठेवा, चालक सुटे परत देत नाही. रात्री उशिरा उतरणार असाल तर मात्र बसचा हट्ट न धरता ग्रॅब, म्हणजे अॅपवरची टॅक्सी बोलवा.

पायरी २ : खोली

लेबू चुलिया (लेबू म्हणजे रस्ता), लव्ह लेन, मुंत्री स्ट्रीट, आर्मेनियन स्ट्रीट या चौकटीतच खोली घ्या. बातू फेरिंगीला समुद्रकिनारा आहे, फोटो सुरेख येतात. पण तिथून प्रत्येक जेवणासाठी बसचा तास-पाऊण तास मोडायचा, आणि रात्रीच्या गाड्यांवर खायचं तर परतीची टॅक्सी. खोलीत वाचवलेले पैसे रस्त्यात गेले.

या भागातली स्वस्त हॉस्टेलं आणि गेस्टहाउसं बहुधा जुन्या दुकानघरांत असतात. घर अरुंद तोंडाचं आणि आत खोलवर गेलेलं, मध्ये उजेडासाठी चौक, वरच्या मजल्यावर लाकडी जमीन. दिसायला देखणं. राहायचं म्हणजे चार गोष्टी आधी विचारा. खोलीला खिडकी आहे का? कारण आतल्या बऱ्याच खोल्यांना नसते आणि जाहिरातीतल्या फोटोत ते कळत नाही. भिंत विटांची की फळ्यांची? फळ्यांची असेल तर शेजारच्याचं घोरणंही भाड्यात आलं. खोली रस्त्याकडे आहे की मागे? लव्ह लेनच्या तोंडाशी रात्री उशिरापर्यंत बार चालतात. आणि न्हाणीघर सामायिक आहे का, असेल तर किती जणांत?

सामायिक खोलीतला पलंग साधारण ४० ते ६० रिंगिटला मिळतो, साधी दुहेरी खोली ८० ते १२० च्या आसपास. एक रिंगिट म्हणजे ढोबळमानाने वीस-बावीस रुपये. शिवाय परदेशी पाहुण्यांना एका खोलीमागे रोज १० रिंगिट पर्यटन कर आहे. बुकिंगच्या किमतीत तो बहुतेक वेळा धरलेला नसतो, काउंटरवर रोख मागतात. सामायिक खोलीत तो कसा लावतात ते आधी विचारून घ्या. शनिवार-रविवार, मलेशियातल्या शाळांच्या सुट्ट्या आणि चिनी नववर्ष या दिवसांत भाव चढतात. चिनी नववर्षात तर कित्येक गाडेही बंद असतात, म्हणजे महागात राहायचं आणि उपाशी फिरायचं. तो आठवडा टाळाच.

मी आधी दोनच रात्री बुक कराव्यात या मताचा आहे. आवडलं तर तिथेच वाढवा, नाही तर शेजारच्या गल्लीत जाऊन खोली बघून घ्या.

पायरी ३ : दिवसाची आखणी

सकाळी मामक दुकानात, म्हणजे तमिळ मुसलमानांच्या हॉटेलात, रोटी चनाय, म्हणजे पराठ्यासारखी रोटी, आणि तेह तारिक, म्हणजे फेसाळ दुधाचा चहा. रोटी दोन रिंगिटच्या आसपास, सोबत डाळ किंवा कालवण. चिनी पद्धतीने दिवस सुरू करायचा असेल तर कोपीतियाममध्ये, म्हणजे जुन्या कॉफीच्या दुकानात, भाजलेला पाव, नारळ-अंड्याचा काया जॅम आणि अर्धवट उकडलेली अंडी. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवरचं जुनं घड्याळ: मुंबईच्या इराण्याकडे बसल्यासारखंच वाटतं, फक्त कॉफी जास्त काळी.

दहा ते दीडच्या दरम्यान लेबू सेसिलच्या बाजारात जा. पर्यटक तुलनेने कमी, आसपासचे लोक जास्त. अस्साम लक्सा इथे खावं. तांदळाच्या जाड शेवया, चिंचेचा आंबट रस्सा, पुदिना, अननस, काकडी, वरून एक चमचा काळी दाट कोळंबीची पेस्ट. आणि रश्शात कुस्करलेला मासा म्हणजे आपला बांगडाच. मासे खाणाऱ्या कोकणी माणसाला पहिल्या घासात हे घरचं वाटतं.

दुपारी तीनला ऊन तापलेलं असतं. पिनांग रोडच्या बाजूच्या गल्लीत चेंडोल मिळतो: बर्फ, नारळाचं दूध, माडाचा गूळ, हिरव्या शेवया, लाल राजमा. तीन ते सहा हा एकूण मंद काळ. दुपारचे आवरलेले असतात, रात्रीचे अजून मांडत असतात. या वेळात खायला फिरलात तर एसी रेस्टॉरंटात जाऊन पडाल आणि दुप्पट पैसे द्याल. त्यापेक्षा झोपा, किंवा च्यू जेटीवर खांबांवर उभी असलेली लाकडी वस्ती बघून या.

सहा-साडेसहापासून लेबू किंबर्ली आणि लोरोंग बारू जागे होतात. नंतर लेबू चुलियावर रात्रीच्या गाड्यांचे वानतान नूडल्स. गर्नी ड्राइव्हचं फूड कोर्ट प्रसिद्ध आहे, पण तिथे जायला गाडी लागते आणि गर्दी फार. एकदा बघायला ठीक.

पायरी ४ : मागवायचं कसं

नवख्या माणसाची गडबड इथेच होते, कारण बसायला जागा एकाची, पेय दुसऱ्याचं आणि खाणं आणखी पाच जणांचं.

आधी टेबल पकडा. टेबलावर आकडा असेल तर लक्षात ठेवा. गर्दीत अनोळखी माणसांशेजारी बसणं इथे रीतीचंच आहे, नुसती मान हलवून विचारा. मग गाड्यावर जाऊन काय हवं ते आणि टेबलाचा आकडा सांगा. बशी टेबलावर आली की तेव्हाच रोख पैसे द्यायचे. पेय विचारायला दुकानाचा माणूस स्वतः येतो. त्याचं दुकान चालतं ते पेयांवर, म्हणून प्रत्येकाने एक तरी घ्यावं अशी अपेक्षा असते. न घेतल्यास काही ठिकाणी थोडी रक्कम जागेची म्हणून लावतात, तशी पाटीही असते. त्यावरून वाद घालू नका.

नुसतं 'तेह' म्हटलंत तर कंडेन्स्ड मिल्कचा गोडमिट्ट चहा येईल. 'तेह ओ' म्हणजे बिनदुधाचा, साखर असलेला. साखरही नको तर 'तेह ओ कोसोंग'. गोड कमी हवं तर 'कुरांग मानिस', बर्फ घालून हवं तर शेवटी 'आइस', पार्सलला 'बुंगकुस'. एवढ्यावर भागतं, आणि इंग्रजी बऱ्याच जणांना येतं.

'चार कोय तेओ' म्हणजे तांदळाच्या चपट्या पट्ट्यांचे परतलेले नूडल्स. त्याच्या गाड्यासमोर मागवल्यावर लगेच टेबलावर परतू नका, दोन मिनिटं उभे राहून बघा. चांगला गाडेवाला एका वेळी एक-दोन बशांचाच घाणा टाकतो. काळ्या कढईखाली जाळ इतका की लसूण पडताक्षणी वास पसरतो. मग तांदळाच्या चपट्या पट्ट्या, सोया सॉस, कोळंबी, मोड आलेले मूग. पट्ट्या बाजूला सारून मोकळ्या जागेत अंडं फोडायचं, ते धरू लागलं की सगळं एकत्र उलटवायचं, शेवटी शिंपल्या. मोठा ढीग एकदम परतून ठेवलेला दिसला तर पुढे चला. बशी ८ ते १० रिंगिट, मोठी कोळंबी किंवा बदकाचं अंडं घेतलं तर जास्त.

नासी कांदारचा हिशेब वेगळा. भातावर हवं ते कालवण दाखवून वाढून घ्यायचं आणि पैसे शेवटी. मोठी कोळंबी, माखूल, माशाचं डोकं यांचे भाव पाटीवर नसतील तर वाढण्याआधीच विचारा. कोंबडी, भेंडी आणि वर दोन-तीन रस्से एकत्र ओतून घेतलेत, त्याला 'बांजीर' म्हणतात, तर पोटही भरतं आणि बिलही ताब्यात राहतं.

खाण्याच्या जागांना मानांकन देणारी मिशेलिनची पुस्तिका पिनांगमध्ये आल्यापासून काही गाड्यांसमोर लांब रांगा लागतात. रांगेतले बहुतेक फोन उंचावून उभे असतील तर दोन गाडे सोडून तोच पदार्थ खा. २०१६ पासून पिनांगमध्ये गाड्यांवर मुख्य स्वयंपाकी परदेशी असू नये असा नियम आहे, त्यामुळे शेजारच्या गाड्यावरचा हातही इथलाच असतो.

पायरी ५ : शाकाहारी, बीफ-पोर्क न खाणारे

वरवर निव्वळ भाजीच्या दिसणाऱ्या पदार्थातही सांबाल, म्हणजे मिरचीची चटणी, असतो आणि सांबालात बहुधा बलाचान, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट. चिनी गाड्यांवर डुकराची चरबी वापरतात. 'भाजी द्या' म्हणून भागत नाही.

सोपा रस्ता लिटल इंडियाचा. लेबू पासार, लेबू क्वीन आणि पिनांग स्ट्रीटच्या परिसरात इडली, डोसा, केळीच्या पानावरचा भात मिळतो. लेबू क्वीनवरचं महामरिअम्मन देऊळ १८३३ मधलं, त्याच्या अवतीभवती शुद्ध शाकाहारी हॉटेलं आहेत. पैसे बदलायची दुकानंही याच भागात आहेत.

पण रोज डोसाच खायचा तर एवढं लांब कशाला यायचं? चिनी बौद्ध शाकाहारी दुकानं शोधा. पाटीवर 素 हे चिनी अक्षर असतं. भात घ्यायचा, समोरच्या पंधरा-वीस भाज्यांमधून हव्या त्या वाढून घ्यायच्या, सात-आठ रिंगिटमध्ये जेवण होतं. सोया आणि मैद्याचं 'खोटं मांस' बघून दचकू नका, तेही शाकाहारीच. बौद्ध पद्धतीच्या कडक दुकानांत कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मंडळींना इथे बरंच काही चालतं. कंदमुळं आणि अळंबी तेवढी विचारून घ्यायची. काही ठिकाणी अंडं असतं, तेही विचारा. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस, बहुधा ऑक्टोबरमध्ये, नवसम्राट देवांचा उत्सव असतो. तेव्हा जागोजागी पिवळ्या निशाणांचे शाकाहारी गाडे लागतात. शाकाहारी माणसाने जमलं तर तेव्हाच जावं.

बीफ टाळणाऱ्यांनी 'दागिंग' आणि 'लेंबू' हे शब्द बघून ठेवावेत. 'आयाम' कोंबडी, 'बाबी' डुक्कर. मलाय आणि मामक दुकानांत डुकराचं मांस नसतं, चिनी दुकानांत असू शकतं.

पायरी ६ : पोट सांभाळणं

समोर जाळावर शिजलेलं खा, झाकून ठेवलेल्या कोमट कालवणापासून दुपारनंतर लांब राहा. मधोमध भोक असलेला नळीसारखा बर्फ कारखान्यातला असतो, त्याची भीती नको. नळाचं पाणी थेट पिऊ नका. रस्त्यांवर पाणी भरून देणारी यंत्रं असतात, आपली बाटली लावायची आणि काही सेन (रिंगिटचे सुटे पैसे) टाकायचे. शिंपल्या नीट शिजलेल्या नाहीत असं वाटलं तर बाजूला सारा. अॅसिडिटीची गोळी आणि ओआरएस घरूनच न्या.

खर्च आणि किरकोळ

पलंग, तीन-चार वेळचं खाणं आणि बस मिळून माणशी रोज १०० रिंगिटच्या आसपास आरामात निभावतं. दोघांनी खोली वाटून घेतली तर साधारण तेवढ्यातच. गाड्यांवर रोख लागते, ५ आणि १० च्या नोटा जवळ ठेवा. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे आहेत, आपले बसत नाहीत. अॅडॉप्टर भारतातूनच न्या. सप्टेंबर ते नोव्हेंबर पाऊस जास्त असतो आणि पावसात उघड्यावरचे गाडे लागत नाहीत, तेव्हा छपराखालची फूड कोर्टं हाताशी असू द्या. जून-जुलैत गेलात तर बेटावरच्या बालिक पुलाऊ भागातल्या ड्युरियनचा, म्हणजे उग्र वासाच्या काटेरी फळाचा हंगाम असतो. ते गाड्यावरच उभ्याने संपवायचं. खोलीत नेलंत तर बहुतेक ठिकाणी दंड आहे आणि पाटी दारावरच लावलेली असते.

निघायच्या दिवशी उरलेली सेनची नाणी घेऊन सकाळच्या आपोमच्या गाड्यावर जा. मातीच्या तव्यातला, नारळाच्या दुधाचा पातळ कुरकुरीत आपोम, केळीचे काप घातलेला. नाणी भारतात कुणी बदलून देत नाही.